डॉक्टर आनंदीबाई जोशी व त्यांचे दहा दिवसांचे बाळ

ज्या बाईंचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्या आमच्या मंडळीतील नव्हत्या. त्या हिंदू ब्राह्मण कुळात जन्मल्या, हिंदू म्हणून परदेशी गेल्या व हिंदू म्हणूनच निवर्तल्या. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण परक्याचे चांगुलपण आपल्या पदरी बांधून घेण्याचा मोह धार्मिक पत्रांस पुष्कळदा होतो. ज्या प्रभूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला दिला, त्याच्या शिष्यांस परक्याच्या चरित्रापासून शिकण्यात कमीपणा वाटावयास नको.

दुसरेही एक कारण आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत, मग ती तुमसरकडची असोत की लाखांदूरकडची, बाळंतपण म्हणजे आतल्या घरातली गोष्ट, तीत पुरुषमाणसाने व उपदेशकाने लक्ष घालू नये, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. मंडळीत लग्न ठरले तर सहा महिने आधी तयारी चालते. पण सून गरोदर आहे हे ठाऊक असूनही कळा सुरू होईपर्यंत कोणी काही ठरवून ठेवीत नाही. आनंदीबाईंचे सारे आयुष्य अशाच एका बेतयारीच्या बाळंतपणातून वळण घेते झाले. म्हणून ते सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. त्यांचे घराणे कल्याणचे. माहेरचे नाव यमुना. नऊ वर्षांच्या असताना त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस होते, बिजवर होते व पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी वडील होते. बायकोने शिकले पाहिजे ह्या एका गोष्टीचा त्यांस विलक्षण ध्यास होता. इतर नवरे स्वयंपाक बिघडला म्हणून बायकोस मारीत. हे गृहस्थ अभ्यास सोडून स्वयंपाकात वेळ घालविला म्हणून हात उगारीत. त्यांच्या उद्देशाची थोरवी आम्ही मान्य करितो, पण ती रीत मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि आमच्या घरांतील कर्त्या पुरुषांनी गोपाळरावांपासून घ्यावयाचे ते ध्यासापुरतेच घ्यावे.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाला नाही व बाळ गेले. त्या काळी आपल्या देशात शिकलेली स्त्री डॉक्टर जवळजवळ नव्हतीच, आणि पुरुष डॉक्टरास बाळंतिणीच्या खोलीत घेणे कुलीन घरांत लाजिरवाणे समजत. दुखणे काय आहे हे पाहणारे कोणी नाही, विचारावयाचे कोणास हे ठाऊक नाही, अशा स्थितीत त्या काळी असंख्य मुले गेली व असंख्य माता गेल्या. लोक ते नशीब म्हणून सोसत. आनंदीबाईंनी सोसले, परंतु नशीब म्हणून सोडून दिले नाही. आपल्यासारख्या बायकांसाठी आपणच डॉक्टर व्हावयाचे, असा निश्चय त्या पोरवयाच्या आईने केला.

येथे थोडे थांबून आम्ही वयाकडे वाचकांचे लक्ष वेधितो. चौदा वर्षांच्या मुलीचे हाड अद्याप पुरते वाढलेले नसते. कटीचे हाड अरुंद असले तर मूल अडते, कळा दिवस दिवस चालतात, आणि मूल जन्मले तरी बहुधा हलक्या वजनाचे निघते. 1929 साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरविले. आज ते 18 आहे. तरीही शाळा सुटली, घरी बसून काय करणार, असे म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलगी उजविण्याचा विचार करणारे घर अजून सापडते. अशा लग्नास आशीर्वाद देण्यास कोणी बोलाविले, तर उपदेशकाने स्पष्ट नकार द्यावा.

आनंदीबाईंचा निश्चय तर झाला. पण शिकावयाचे कोठे? गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी 1878 साली अमेरिकन मिशनरींस पत्र लिहून आपल्या पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ते पत्र वाइल्डर नावाच्या मिशनरी साहेबांनी आपल्या अमेरिकेतील मासिकात छापले व त्यावर आपला अभिप्रायही दिला. वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरात पुष्कळ वर्षे काढली होती. उभयतांनी ख्रिस्ती व्हावे, मग साहाय्याचे पाहता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गोपाळरावांस ती अट रुचली नाही. वाइल्डर साहेबांची तळमळ खरी होती हे आम्ही जाणतो. परंतु आंधळ्यास दृष्टी देण्यापूर्वी प्रभूने त्याच्याकडून काही लिहून घेतले नव्हते, हेही आम्ही जाणतो.

पुढे दोन वर्षांनी तो जुना अंक न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर ह्या बाईंच्या हाती पडला. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत त्या बसल्या असता सहज त्यांनी तो चाळला. पाताळात राहणाऱ्या एका ख्रिस्ती गृहिणीस हिंदुस्थानातील अनोळखी मुलीविषयी कळवळा आला, तिने पत्र घातले, आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. ह्या मावशीने धर्माची अट घातली नाही. आपले घर मात्र उघडले.

गोपाळरावांची बदली बंगाल्यात झाली, तेव्हा आनंदीबाईंस लोकांचा फार जाच झाला. पायात जोडे घालून नवऱ्याबरोबर उघड्या रस्त्याने चालणारी बाई पाहून लोक थट्टा करीत. एकटी बाई समुद्र ओलांडून जाणार हे कळल्यावर तर टीकेस ऊत आला. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी सभेपुढे उभे राहून आपण का जातो ते सांगितले. हे श्रीरामपूर म्हणजे कलकत्त्याजवळचे, जेथे केरी साहेबांनी आपले कार्य केले व कॉलेज स्थापिले, ते होय. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची अत्यंत गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणून परत येऊ, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. तेव्हा त्यांस अठरावे वर्ष चालू होते. त्याच वर्षी एप्रिलात त्या मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या व जूनच्या आरंभी न्यूयॉर्कास पोहोचल्या. बंदरावर कार्पेंटरबाई त्यांस उतरवून घेण्यास आल्या होत्या.

फिलाडेल्फिया शहरी पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज होते. ते 1850 साली क्वेकर पंथाच्या लोकांच्या साहाय्याने निघाले. आमच्या वाचकांस त्या कॉलेजाचे नाव ठाऊक असावे असे आम्हांस वाटते, कारण हिंदुस्थानात आलेली पहिली मिशनरी स्त्री डॉक्टर, बरेलीच्या क्लारा स्वेनबाई, 1869 साली तेथूनच उत्तीर्ण झाल्या होत्या. तेथील मुख्य अधिकारी रेचेल बॉडलेबाई यांनी आनंदीबाईंस प्रवेश दिला. नऊवारी लुगडे, शाकाहार व आपली रीतभात ह्यांपैकी काही न सोडता त्यांनी तेथील बर्फाच्या थंडीत अभ्यास केला. प्रकृती मात्र तेव्हापासूनच ढासळू लागली.

तो काळ बाळंतशास्त्रात मोठ्या पालटाचा होता. 1847 साली व्हिएन्ना शहरच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने असे पाहिले की, डॉक्टर मुडदे चिरून तसेच बाळंतिणीकडे येतात, आणि त्यांच्या वॉर्डात बाळंतज्वराने फार बायका मरतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. जेथे काही महिन्यांत शंभरांतील दहाहून अधिक माता मरत, तेथे ते प्रमाण दोनांच्या आसपास आले. लोकांनी त्याचे ऐकले नाही, तो हाल होऊन मेला. पुढे लिस्टर साहेबांनी 1867 पासून जंतुनाशकाची पद्धत रूढ केली, आणि आनंदीबाई शिकत होत्या त्या वर्षांत ती विद्या इस्पितळांतून पसरत होती. आमच्या घरी आजही सुईणबाईच्या हाती साबण देण्याचा संकोच वाटतो. व्हिएन्नाच्या मोठमोठ्या डॉक्टरांसही तो वाटला होता, म्हणून सुईणबाईस हसण्याचे कारण नाही, साबण मात्र अवश्य द्यावा.

पदवीसाठी आनंदीबाईंनी जो निबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. शरीरशास्त्र, नेत्रविद्या, शस्त्रक्रिया असे कितीतरी विषय त्यांस घेता आले असते. त्यांनी गर्भिणीची निगा व बाळंतपण हेच निवडले. दहा दिवसांचे ते बाळ त्यांच्या मनातून गेले नव्हते, असा आमचा तर्क आहे.

आता, ज्या गोष्टी आनंदीबाईंच्या घरी कोणास ठाऊक नव्हत्या, त्या आज आमच्या खेड्यातील घराघरांत ठाऊक होणे शक्य आहे. म्हणून चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून आम्ही त्या सांगतो. महाराष्ट्रात 2018 ते 2020 ह्या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या, असे सरकारी नोंदणीवरून दिसते; साऱ्या देशात हा आकडा 97 होता. पूर्वीच्या मानाने हे फार थोडे आहे. पण ज्या घरची आई जाते, त्या घरास तेहेतीस काय आणि एक काय.

पाळी चुकल्याचे कळताच, पहिल्या तीन महिन्यांच्या आत, आशाताईकडे किंवा उपकेंद्रातील नर्सबाईकडे नाव नोंदवावे. निदान चार वेळा तपासणी व्हावी. अधिक झाल्यास उत्तम. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते, ती संधी दवडू नये. तपासणीत रक्तदाब, लघवी, वजन व रक्त पाहतात. रक्तदाबाचा आकडा 140 व 90 यांच्या वर गेला, तर बाई ठणठणीत दिसत असली तरी तिला जपावे लागते. रक्ताचा रंग अकराच्या खाली असेल तर ती अशक्त समजावी. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत सात महिन्यांची गरोदर बाईसुद्धा दिवसभर बांधीच्या चिखलात वाकलेली असते, आणि घरी येऊन सर्वांचे झाल्यावर उरलेला भात खाते. तिला लोहाची गोळी रोज एक, निदान 180 दिवस घ्यावयास सांगितलेली असते. ती काळी शी होते म्हणून फेकून दिली जाते. गोळीने शी काळी होणारच, त्यात भिण्याजोगे काही नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचा रोग पुष्कळ कुळांत आहे. तेव्हा त्याचीही तपासणी नवरा व बायको दोघांनी करून घ्यावी.

आता धोक्याच्या खुणा. अंगावरून रक्त जाणे, मग ते थोडे का असेना, तोंडावर व हातांवर सूज येऊन डोके फार दुखणे व डोळ्यांपुढे अंधेरी येणे, झटके येणे, ताप, कळा नसता पाणी जाणे, पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, आणि कळा बारा तासांहून अधिक चालूनही बाळ न येणे. ह्यांपैकी एकही दिसली तर घरी बसावयाचे नाही. झटक्यांविषयी विशेष सांगतो. गरोदरपणी जे झटके येतात ते रक्तदाबामुळे येतात, त्यांवर दवाखान्यात इंजेक्शन आहे. बाहेरची बाधा झाली असे म्हणून देवऋष्याकडे नेण्यात जो एक तास जातो, तोच तास त्या बाईचा असतो. आमच्या ख्रिस्ती घरांतही अशा वेळी म्हाताऱ्या माणसांची पावले जुन्या वाटेने वळतात, हे आम्ही ऐकून आहो. प्रार्थना अवश्य करावी, आणि ती गाडीत बसून करावी.

बाळ झाल्यावरही धोका सरत नाही. अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा रक्त इतके जाऊ लागले की कपड्यामागून कपडा भिजतो, तर ती बाई दोन तासांतही जाऊ शकते. मातांच्या मरणांचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. दवाखान्यात बाळ जन्मताच जे इंजेक्शन देतात ते ह्याच रक्तस्रावासाठी असते. घरच्या खाटेवर ते कोण देणार?

पवित्र शास्त्रात राहेलीची गोष्ट आहे. ती एफ्राथाच्या वाटेवर असता तिला कळा आल्या, सुईण जवळ होती, धीर देत होती, तरी बन्यामिनास जन्म देऊन राहेल वाटेतच मेली व याकोबाने तिला तेथेच पुरले. ही गोष्ट वाचली की आम्हांस पावसाळ्यातील आमचे रस्ते आठवतात. वैनगंगेस व चुलबंदेस पूर आला की नाल्यापलीकडची गावे तुटतात. म्हणून आठवा महिना लागताच घरात बसून ठरवावे: कोणत्या दवाखान्यात जावयाचे, गाडी कोणाची, रात्री हाक मारली तर ती उठेल काय, बरोबर कोण जाईल, मागे लेकरांजवळ कोण राहील, आणि रक्त लागल्यास देणारी दोन माणसे कोण. सरकारची 102 व 108 नंबरची गाडी फुकट मिळते. पण नंबर भिंतीवर लिहून ठेवलेला असावा, आणि गाडी गावापर्यंत येत नसेल तर बंडी कोठपर्यंत न्यावयाची तेही ठरलेले असावे. दिवस भरत आले व पुराचे दिवस असले, तर बाईस आधीच अलीकडच्या नातेवाइकाकडे आणून ठेवावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त व जेवण ह्यांबद्दल पैसा पडत नाही, 2011 पासून तशी योजना आहे. तरी घरात थोडी रक्कम वेगळी बांधून ठेवणे शहाणपणाचे. एका पिशवीत जुने धुतलेले सुती कपडे, बाळास गुंडाळण्याचे फडके, तपासणीचे कार्ड व आधारकार्ड इतके भरून ठेवावे. मंडळीच्या वडिलांनी एखादी सामायिक पेटी ठेवून गाडीभाड्याची सोय केली, तर तीही प्रभूचीच सेवा होईल.

दवाखान्याविषयी कोणाच्या मनात भीती असेल तर तिला आम्ही नावे ठेवीत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागास आग लागून दहा बाळे गेली. ते दुःख ह्या जिल्ह्याने सोसले आहे, त्या आयांचे अश्रू अजून सुकले नसतील. दवाखान्यांनी आपली व्यवस्था चोख ठेविलीच पाहिजे, व ती मागण्याचा आम्हांस हक्क आहे. तरीही अडलेल्या बाईस घरी ठेवण्याचे कारण त्या आगीत शोधू नये.

आनंदीबाईंचे बाळ दहाव्या दिवशी गेले. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात जी मुले दगावतात, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. बाळास तासाभराच्या आत आईचे दूध पाजावे. पहिले पिवळे चिकाचे दूध पिळून टाकू नये. मध, साखरेचे पाणी, घुटी काही देऊ नये. आल्याबरोबर अंघोळ न घालता पुसून, गुंडाळून आईच्या उराशी ठेवावे. नाळेवर शेण, राख, तेल, हळद काहीएक लावू नये; ती कोरडी राहिली म्हणजे आपोआप गळते. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग थंड किंवा फार गरम लागले, श्वास भरभर चालला, तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांस विटाळ म्हणून दारातून परत लावू नये. आमच्या घरांत विटाळ राहिला तरी कसा, हाच खरे म्हणजे प्रश्न आहे.

आता पुन्हा फिलाडेल्फियाकडे वळू. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंस डॉक्टरची पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पुरे होण्यास वीस दिवस उरले होते. परदेशी जाऊन ही विद्या संपादणाऱ्या हिंदुस्थानातील त्या पहिल्या स्त्रियांपैकी होत. समारंभास गोपाळराव हजर होते, आणि इंग्लंडाहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाई त्यांच्या दूरच्या नात्यातील. त्यांनी तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एक हिंदू, एक ख्रिस्ती, अशा ह्या दोन मराठी बायका त्या सभागृहात एकत्र आल्या हे आम्हांस फार गोड वाटते.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली व त्यांनी ती पत्करली. ज्या गावाहून साहाय्याचे पहिले पत्र गेले होते, त्याच गावी त्या डॉक्टर म्हणून जाणार होत्या. परंतु क्षयाने त्यांस ग्रासले होते. नोव्हेंबर 1886 मध्ये त्या मुंबईस उतरल्या, तेव्हा त्यांच्या अंगी बळ उरले नव्हते. पुण्यास नेऊन उपचार झाले. गुण आला नाही. कोल्हापूरच्या इस्पितळाची पायरी त्यांस चढता आली नाही, आणि एकाही बाळंतिणीच्या खाटेपाशी डॉक्टर म्हणून बसण्याचा योग त्यांस आपल्या देशात आला नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. त्या बाईंनी न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्या पुरल्या व वर दगड बसविला. त्या दगडावर आनंदीबाईंचे नाव आजही वाचावयास मिळते.